ऊन जास्त म्हणून तेल जाड? वणी तालुक्यातील एका टर्बो पेट्रोल इंजिनाचे प्रकरण

वणी तालुक्यात कापसाचे जिनिंग चालवणाऱ्या एका गृहस्थांची २०१६ सालची, दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची सेडान गेल्या डिसेंबरात वरोऱ्याच्या आमच्या गॅरेजमध्ये आली. तक्रारी तीन होत्या. पहाटे गाडी सुरू केली की टायमिंग चेनच्या बाजूने चार-पाच सेकंद खडखड आवाज येई, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा अधूनमधून लागे आणि गाडी ऑइल खात होती, दर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या आसपास. स्कॅनर लावल्यावर पी००११ हा कोड मिळाला. इनटेक कॅमशाफ्टचे, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, टायमिंग गाडीच्या संगणकाने मागितले तेवढे मागे येत नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी सेन्सर किंवा सोलेनॉइड (तेलाची वाट उघडझाप करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बदलून गाडी परत देण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते. आम्ही आधी मालकांना इंजिनात कोणते तेल आहे ते विचारले, आणि पुढचे सगळे प्रकरण त्या उत्तरातून उलगडले.

गाडी त्यांनी नागपुरात जुनी घेतली होती. पहिल्या मालकाकडे तिच्यात ५डब्ल्यू-४० दर्जाचे सिंथेटिक तेल पडत असे. गावाकडे आल्यावर ओळखीच्या मिस्त्रींनी तेल बदलताना सांगितले, "भाऊ, आपल्याकडचं ऊन पाहता हे पातळ तेल टिकत नाही, जाडच टाका." तेव्हापासून इंजिनात २०डब्ल्यू-५० जातीचे, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या एसएल दर्जाचे खनिज तेल पडत होते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि हा समज एकट्या त्यांचा नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या मुलुखात जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण, असे ट्रॅक्टरवाल्यापासून ट्रॅव्हल्सच्या चालकापर्यंत सगळे मानतात. जुन्या, सैल फटींच्या, टर्बो नसलेल्या इंजिनांवर हा समज फारसा अंगाशी येत नसे, म्हणूनच तो इतका घट्ट रुजला आहे. या इंजिनावर मात्र तो चालण्यासारखा नव्हता.

गाडीचा वापर

तेल निवडण्याआधी गाडी रोज काय करते हे समजून घेणे आम्हाला आवश्यक वाटते. ही गाडी आठवड्याचे बहुतेक दिवस घर ते जिनिंग एवढ्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पाहत, एसी सुरू ठेवून, ती तासन्‌तास जागेवर उभी असते. महिन्यातून दोनदा वरोरा, जाम, बुटीबोरी या मार्गाने नागपूर होते, आणि तिथून समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगर. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे तिथे हे इंजिन टर्बोच्या दाबाखाली न थांबता काही तास धावते. त्यात वणी-वरोरा पट्ट्यातील रस्त्यांवर कोळशाच्या ट्रकांची धूळ, आणि जिनिंगच्या आवारात हवेत तरंगणारे सरकीचे केस.

म्हणजे एकाच इंजिनावर दोन परस्परविरुद्ध प्रकारचे ओझे होते. छोट्या फेऱ्यांत तेल पुरते तापतच नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, इंजिन थंड असताना त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीला लागून रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते तिथे, उतरते आणि तेलात मिसळते. तेल पुरेसे तापले तर हे पेट्रोल उडून जाते. पण कुलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे तेलही तापले असे होत नाही, त्याला आणखी कितीतरी किलोमीटर लागतात. बाहेर ४५ अंश असले तरी तीन किलोमीटरमध्ये ते घडत नाही. उलट महामार्गावर तेच तेल टर्बोच्या बेअरिंगमधून जाते, जिथे शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेत असतो आणि शेजारच्या टर्बाइनमधून ९०० अंशांच्या आसपासचा धूर वाहत असतो.

उघडून पाहिल्यावर

जुने तेल गरम असतानाच काढले. त्यातला एक थेंब गाळणीच्या कागदावर टाकून रात्रभर सपाट ठेवला. ही चाचणी कोणत्याही गॅरेजमध्ये करता येते आणि ती फार कमी लोक करतात, याची आम्हाला खंत वाटते. तेल धडधाकट असेल तर काजळी कागदावर हळूहळू पसरत जाते आणि मधल्या डागाची कडा धूसर राहते. इथे मधला डाग गडद काळा होता आणि त्याची कडा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होती, म्हणजे काजळी तरंगत ठेवण्याची तेलाची ताकद संपलेली होती. बाहेरच्या बाजूला फिकट, रुंद, तेलकट कडे उमटले होते आणि त्याला पेट्रोलचा वास होता.

त्यानंतर ऑइल फिल्टरचा डबा कापला. घड्या सोडवून, कागद शिकंज्यात दाबून तेल पिळून काढले आणि उन्हात भिंगाखाली पाहिले. लोहचुंबक फिरवल्यावर त्याला बारीक काळसर भुकटी चिकटली, तिचा बराचसा भाग चेनच्या झिजेचा असणार. याशिवाय बोटात चुरडले की मोडणारे काळे, ठिसूळ कपचे होते. हा कोक, म्हणजे टर्बोच्या गरम भागात तेल जळून तयार झालेला कोळसा. बेअरिंगच्या धातूचे चमकदार तुकडे मात्र नव्हते, आणि पुढे इंजिन न खोलण्याचा निर्णय आम्ही याच निरीक्षणावर घेतला.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. अहवालात सिलिकॉन (धुळीची खूण) आणि लोह (झिजेची खूण) दोन्ही वाढलेले होते, पेट्रोल मिसळल्याचे स्पष्ट होते, आणि १०० अंशांवरचा दाटपणा ५० ग्रेडची खालची मर्यादा असलेल्या १६.३ सेंटिस्टोक्सच्याही (दाटपणा मोजायचे एकक) खाली घसरला होता. ज्या जाडपणासाठी हे तेल निवडले होते, तो जाडपणा गरम इंजिनात उरलेलाच नव्हता. पेट्रोलने ते पातळ केले होते, आणि तेलाला दाटपणा देणारे पॉलिमर चेनच्या दात्यांत व पंपात चिरडून तुटले होते. पहाटेच्या थंडीत मात्र ते जाडच वागत होते. म्हणजे हवे तेव्हा जाड नाही आणि नको तेव्हा जाड, अशी त्याची अवस्था झाली होती.

जाड तेल इंजिनात काय करते

तेलाच्या डब्यावरील दोन आकड्यांपैकी पहिला, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीतल्या वागणुकीचा आहे, आणि दुसरा, म्हणजे ग्रेड, गरम तेलाच्या दाटपणाचा. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० मानकानुसार ५डब्ल्यू तेलाची क्रँकिंग (थंड इंजिन फिरवण्याची) चाचणी उणे ३० अंशांवर होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. आपल्याकडे इतकी थंडी कधीच पडत नाही, मग या आकड्याचा आपल्याला काय उपयोग, असे विचारले जाते. उपयोग आहे. डिसेंबर-जानेवारीत वणी-चंद्रपूर भागात पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास येते, आणि तेलाच्या दृष्टीने १० अंशच काय, ४० अंशसुद्धा थंडच. ४० अंशांवर ५डब्ल्यू-४० तेलाचा दाटपणा साधारण ८० ते ९० सेंटिस्टोक्स असतो, तर २०डब्ल्यू-५०चा दीडशेच्या पुढे. तेच तेल १०० अंशांवर अनुक्रमे १३-१४ आणि १७-१९ सेंटिस्टोक्सवर येते. चालू इंजिनातले तेल ९० ते ११० अंशांत जगते, बेअरिंगच्या पृष्ठभागावर त्याहूनही अधिक. बाहेरच्या ३० आणि ४५ अंशांमधला फरक थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर बऱ्याच अंशी शोषून घेतात. त्यामुळे आपले ऊन तेलाची जाडी ठरवत नाही. ती ठरते इंजिनातील फटी, पंप आणि टर्बो यांवरून, आणि ते गणित इंजिन बनवणाऱ्याने आधीच मांडून माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

अशा इंजिनाच्या बेअरिंगमधली फट केसापेक्षाही बारीक असते. तिथे सतत नवे तेल वाहत आले पाहिजे, कारण तेलाचे निम्मे काम उष्णता वाहून नेण्याचे आहे. तेल जाड झाले की प्रवाहाला अडथळा वाढतो आणि दाबाचा काटा वर जातो. मालकाला वाटते की दाब छान आहे. प्रत्यक्षात पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरेचसे तेल चेंबरमध्येच परत सोडत असतो, आणि बेअरिंगला व टर्बोला ते उशिरा आणि कमी पोहोचते. फिल्टरचा बायपास व्हॉल्व्हही थंड, जाड तेलाने उघडतो, आणि तेवढा वेळ गाळ न गाळताच तेल फिरते. वाढलेला दाब आणि वाढलेला प्रवाह या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे प्रत्येक गाडीमालकाने समजून घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

पहाटेच्या खडखडाटाचे आणि कोडचे कारण यातच होते. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. जाड तेल तिथपर्यंत पोहोचेतो चेन सैल राहते आणि मार्गदर्शक पट्ट्यांवर आपटते. व्हॉल्व्हचे टायमिंग मागेपुढे करणारी यंत्रणाही बारीक वाहिन्यांतल्या तेलावरच हलते. संगणक ठरावीक दाटपणा धरून हुकूम सोडतो, तेल उशिरा सरकले की हुकूम आणि हालचाल यांचा मेळ बसत नाही आणि कोड पडतो. सोलेनॉइड काढून पाहिले तेव्हा त्याच्या बारीक जाळीवर चिकट थर होता, पण सोलेनॉइड स्वतः ठीक काम करत होते. ते साफ करून परत बसवले.

डब्यावर काय वाचायचे

माहितीपुस्तिकेत या इंजिनासाठी ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० असे दोन दर्जे दिले होते, आणि दोन्हींसोबत कंपनीच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा क्रमांक होता. तो क्रमांकच खरा निकष आहे. डब्यावरचा ग्रेड केवळ दाटपणा सांगतो, तेल टर्बोच्या उष्णतेत किती टिकेल, चेन किती वाचवेल, किती उडून जाईल, हे तो सांगत नाही. उदाहरणार्थ, ५डब्ल्यू-३० लिहिलेल्या दोन डब्यांत मोठा फरक असू शकतो. जे३०० नुसार ३० ग्रेडच्या तेलाचा एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर आणि प्रचंड घर्षणाच्या वेगात टिकलेला दाटपणा, किमान २.९ असला तरी चालतो. एसीईए या युरोपातील वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या ए३/बी४ मानकात तोच किमान ३.५ लागतो. नवे इंधन-बचतीचे ०डब्ल्यू-२० तेल २.६ वर उत्तीर्ण होते. बेअरिंग आणि टर्बोच्या शाफ्टवर तेलाचा जो थर उरतो, त्याची जाडी याच आकड्याशी बांधलेली आहे. शक्तिशाली टर्बो इंजिनाचा मालक डब्याच्या मागच्या बाजूची एकच ओळ वाचणार असेल, तर त्याने ही मानकांची ओळ वाचावी.

ए३/बी४ मानकात तेलाची उडून जाण्याची मर्यादाही कडक आहे. २५० अंशांवर तासभर तापवल्यावर वजनात १३ टक्क्यांहून अधिक घट चालत नाही. जी गाडी ऑइल खाते, तिच्यासाठी हा आकडा कामाचा आहे, कारण उडालेले तेल इनटेकमधून फिरून व्हॉल्व्हवर जमते, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते धुऊन काढायला तिथे पेट्रोलही येत नाही.

दुसरी ओळ एपीआयची. एसएल हा दर्जा २००१ सालचा आहे, तेव्हा थेट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल इंजिने आपल्या रस्त्यांवर नव्हतीच म्हटले तरी चालेल. या इंजिनांत कमी आरपीएमला जास्त जोर मागितला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचे प्रमाण जास्त असेल तर हा धोका वाढतो. मे २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जात यासाठीची आणि टायमिंग चेनच्या झिजेची अशा दोन्ही चाचण्या आहेत. आमच्या प्रकरणात चेन हाच दुखरा भाग असल्याने एसपी असलेलेच तेल घ्यायचे, हे ठरले.

जे पर्याय सोडले

मालकांसमोर चार सूचना आल्या होत्या. २०डब्ल्यू-५० चालू ठेवण्याची सूचना वरील कारणांनी बाद झाली. ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी घरात पिंपाने असलेले १५डब्ल्यू-४० डिझेल तेल टाकावे, ही दुसरी. ग्रामीण भागात ती फार मोहात पाडणारी आहे, कारण तेल ताजे, ओळखीचे आणि हाताशी असते. परंतु डिझेलच्या काजळीसाठी त्यात डिटर्जंटचा भरणा जास्त असतो आणि तो बहुधा कॅल्शियमचा असतो, म्हणजे एलएसपीआयच्या बाबतीत नेमके उलटे औषध. तिसरी सूचना ०डब्ल्यू-२० ची होती, नवीन गाड्यांना तेच पडते या आधारावर. ज्या इंजिनाचा पंप, बेअरिंग आणि फटी त्या तेलासाठी आखलेल्या असतात त्याला ते योग्यच आहे, पण आपल्या पुस्तिकेत ते नसताना ते घालणे म्हणजे महामार्गावरच्या मेच्या दुपारी सुरक्षेसाठी राखलेले अंतर स्वतःहून कमी करणे.

चौथी सूचना समाजमाध्यमांतून आलेली होती, रेसिंगचे १०डब्ल्यू-६०. हे तेल खरोखर काही इंजिनांना लागते. बीएमडब्ल्यूच्या एम३ मधील, उंच आरपीएमवर धावणाऱ्या एस५४ इंजिनाला कंपनीने तेच सांगितले होते. म्हणून प्रत्येक जोरदार इंजिनाला ते चालते असे नाही. पोर्शेच्या पेट्रोल इंजिनांसाठीचे ए४० प्रमाणपत्र ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० तेलांना दिले जाते. ताकद वाढली की तेल जाड करायचे, असा नियमच नाही.

उरले पुस्तिकेतले दोन दर्जे, आणि त्यांतून ५डब्ल्यू-४०, ए३/बी४, एपीआय एसपी आणि कंपनीचे प्रमाणपत्र असलेले तेल निवडले. ५डब्ल्यू-३० वर ते निवडण्यामागे एक कारण होते. छोट्या फेऱ्यांमुळे तेलात पेट्रोल मिसळणारच, आणि तेल पातळ होणारच. ४० ग्रेडपासून सुरुवात केली तर बदलीच्या वेळेपर्यंत ते ३० च्या हद्दीपलीकडे घसरत नाही. आपल्या हवामानाचा विचार करायचा तो इथे, कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या आत.

बदली आणि त्यानंतर

इंजिन फ्लशची बाटली वापरली नाही. आत कोकचे कपचे असताना ते एकदम सुटले, तर टर्बोच्या तेलवाहिनीत किंवा पंपाच्या जाळीत अडकण्याची भीती असते. त्याऐवजी पहिले नवे तेल दोन हजार किलोमीटरवरच काढले आणि फिल्टरही बदलला, म्हणजे तेलातील डिटर्जंटने घाण सावकाश उचलली. हा खर्च मालकांना आधी जड वाटला, टर्बो बदलण्याचा खर्च सांगितल्यावर त्यांनी मान्य केला. तेल चेंबरमध्ये सुमारे पाच लिटर बसते, मोजून भरले आणि पट्टीच्या वरच्या खुणेपलीकडे जाऊ दिले नाही, कारण जास्तीचे तेल क्रँकने घुसळून फेसाळते. डबा सीलबंद, बिलासह, अधिकृत विक्रेत्याकडून घेतला आणि रिकामा झाल्यावर भोक पाडून टाकला, कारण बनावट तेल अशाच डब्यांतून विकले जाते.

सिलिकॉन वाढण्याचे कारण एअर फिल्टरच्या डब्यात मिळाले. झाकणाची एक क्लिप तुटलेली होती आणि फटीतून धूळ सरळ आत जात होती. त्याहून लक्षात राहिला तो पुढचा भाग. बंपर काढल्यावर एसीच्या कंडेन्सरवर आणि इंटरकूलरवर सरकीच्या केसांचा राखाडी नमदा बसलेला होता, बोटाने धरून सोलता येईल इतका. हवाच आत जात नव्हती. जाड तेल टाकून ज्या उष्णतेशी झुंज चालली होती, तिचा मोठा वाटा इथे होता. आतून बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाच्या पाण्याने ते साफ केले, आणि जिनिंगच्या हंगामात दर महिन्याला ते साफ करावे असे लिहून दिले.

बदलीचा कालावधी साडेसात हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते, असा ठरवला. पुस्तिकेतील मोठा आकडा मोकळ्या, स्वच्छ रस्त्यांवरच्या वापरासाठी आहे, आणि छोट्या फेऱ्या, धूळ व उभ्याने चालणारे इंजिन यांना ती पुस्तिकाच कठीण वापर म्हणते. लांब पल्ल्यावरून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून मग इंजिन बंद करणे, आणि उभ्या गाडीत एसी लावून बसणे टाळणे, या दोन गोष्टी मालकांना समजावून सांगितल्या. पहिली त्यांनी मनावर घेतली आहे.

जूनमध्ये, मे महिन्यातील समृद्धीच्या दोन प्रवासांनंतर, गाडी पुन्हा पाहिली. पी००११ परत आलेला नव्हता. पहाटेचा खडखडाट थांबला होता. तेलाच्या नमुन्यात पेट्रोल अजूनही होते, परंतु १०० अंशांवरचा दाटपणा ४० ग्रेडच्या हद्दीत, म्हणजे १२.५ सेंटिस्टोक्सच्या वर टिकलेला होता, आणि सिलिकॉन व लोह दोन्ही बरेच उतरले होते. ऑइल खाणे कमी झाले, थांबले नाही. ऑइल रिंगांच्या छिद्रांत जमलेला कोक केवळ तेल बदलून पूर्ण सुटेल अशी आमची अपेक्षाही नव्हती, म्हणून दर पंधरा दिवसांनी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पाहण्यास सांगितले आहे.

चेनचा प्रश्न मात्र उघडा आहे. स्कॅनरवरील कॅमच्या विचलनाचा आकडा मर्यादेच्या आत असला तरी तिच्या जवळ आहे, म्हणजे चेन थोडी ताणली गेलेली आहे, आणि ताणलेली चेन कोणतेही तेल आखडून देत नाही. दर बदलीला तो आकडा नोंदवायचा, आणि तो सरकू लागला तर पुढच्या उन्हाळ्याआधी चेन, टेन्शनर आणि मार्गदर्शक पट्ट्या एकत्र बदलायच्या, असे मालकांशी ठरले आहे.